अंतराळ सहकार्य, गच्चीवरून पाहिलेलं

अंतराळवीरांची आंतरराष्ट्रीय सहकार्याची आशा म्हणजे ‘परत आल्यावर कॅमेऱ्यासमोर बोलायची वाक्यं’, असं कुणीतरी लिहिलंय. थोडंफार पटतं, सगळं नाही. दादरला आमच्या इमारतीच्या गच्चीवरून अमेरिका, रशिया वगैरेंचं सामाईक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जाताना बऱ्याचदा पाहिलंय (पावसाळा सोडून, अर्थात). कधी नैऋत्येकडून ईशान्येकडे, कधी वायव्येकडून आग्नेयेकडे, चांगलंच तिरकं जातं. ही तिरकी वाट रशियासाठी निवडलेली. बायकोनूर हा रशियाचा कझाकस्तानातला उड्डाणतळ जवळपास ४६ अंश उत्तरेला, तिथून सुटणाऱ्या यानांना पोहोचता यावं म्हणून कक्षेचा विषुववृत्ताशी कोन ५१.६ अंश ठेवला. फ्लोरिडातून उडणाऱ्या अमेरिकेच्या शटल यानांना २८.५ अंश सोयीचे होते. या कोनामुळे शटलला दर खेपेला कमी वजन नेता यायचं, तरी अमेरिकेने ते पत्करलं.

युक्रेन युद्ध पेटल्यावरही सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेचे फ्रँक रुबिओ रशियाच्या सोयुझ यानाने गेले, ऑक्टोबरमध्ये रशियाच्या आना किकिना अमेरिकेच्या ड्रॅगन यानाने. यात प्रेमबिम काही नाही. एकाचं यान अडलं तरी वर दोन्हीकडचं माणूस असावं, एवढाच हिशेब. रुबिओंच्या सोयुझला डिसेंबरात गळती लागलीच. उड्डाणानंतर ३७१ दिवसांनी ते उतरले, तेही बदली पाठवलेल्या सोयुझमधूनच.