कोकणातल्या जुन्या पेठा समुद्रापासून एवढ्या आत का?

खाडीपट्टा:
नमस्कार मंडळी. महाड, चिपळूण, राजापूर, खारेपाटण ही सगळी जुनी बंदरं म्हणून ओळखली जायची, पण नकाशा उघडून बघा, एकही समुद्रावर नाही. चिपळूणपासून दाभोळचं मुख खाडीनं चाळीसेक किलोमीटर आहे. आणि ही गावं साधारण एका उभ्या ओळीत येतात, आजचा मुंबई-गोवा हायवेपण त्याच ओळीनं जातो. उलट अगदी समुद्राला लागून केळशी, आंजर्ले, गुहागर, दिवेआगर आहेत, ती सुंदर आहेत पण मोठी बाजारपेठ म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही. शाळेत आपल्याला "कोकण म्हणजे चिंचोळी किनारपट्टी" एवढंच शिकवलं आणि पुढे गेले. देशाची पश्चिमेची कड म्हणजे हा किनारा, मग त्या कडेवर माणसं नेमकी कुठे आणि का वसली हे कुणीतरी नीट सांगा ना. चाच्यांच्या भीतीनं आत गेले असं ऐकलंय, पण फक्त तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही.

घाटवाट:
चाच्यांचं कारण खरं आहे पण दुसऱ्या नंबरचं. पहिलं कारण भरती.

आपल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या नदीच्या दऱ्या. हिमयुगात, साधारण २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती, नंतर पाणी चढलं आणि नद्यांच्या खालच्या दऱ्यांत समुद्र शिरला. म्हणून वाशिष्ठी, सावित्री, वाघोटन यांच्यात खारं पाणी एवढं आतपर्यंत येतं. आता जुन्या काळचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, डोळ्यासमोर आणा. माल भरलेला पडाव, म्हणजे मालवाहू होडी, घेऊन तो मुखाशी थांबणार, भरती लागली की पाणीच त्याला आत ढकलत नेणार, सुकती (ओहोटी) लागली की नांगर टाकून बसणार, परत भरती आली की पुढे. वारा नसला तरी चालतं. असं करत करत जिथे भरतीचा जोर संपतो आणि नदीत खडक लागायला लागतात तिथे पडाव थांबतो. तिथेच माल उतरतो, तिथेच बैलावर चढतो, तिथेच वखार, तिथेच दलाल, तिथेच पेठ.

आणि जमिनीवरून माल नेणं कोकणात फार महाग पडायचं, कारण सपाटी नाहीच, एक डोंगर उतरला की पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्या ओलांडला की पुढे सडा म्हणजे कातळाचं पठार. मग पाण्यावरून जेवढं आत जाता येईल तेवढं जायचं आणि शक्य तितकं घाटाच्या पायथ्याशी जायचं हे सरळ व्यापाऱ्याचं गणित होतं. तुम्ही म्हणता ती उभी ओळ त्याचीच आहे. प्रत्येक पेठेच्या मागे तिचा तिचा घाट बघा: महाडला वरंधा, तिथून भोर आणि पुणे. चिपळूणला कुंभार्ली, तिथून कराड. राजापूरला अणस्कुरा आणि खारेपाटणला बावड्याचा घाट, दोन्ही कोल्हापूरकडे. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचं, वरून धान्य, मिरची, गूळ, तंबाखू खाली यायचं.

ही रचना शिवकाळातली किंवा पेशवाईतली नाही, त्याच्या कितीतरी आधीची आहे. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला तो शके ९३० म्हणजे १००८ सालचा. महाडला गंधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. उत्तरेकडे कल्याण आणि नाणेघाट तर सातवाहनांच्या काळातले, नाणेघाटात त्यांचा शिलालेख आजही वाचता येतो. लेणी कुठे कोरली हे बघितलं तरी जुन्या व्यापारी वाटा कळतात.

दर्यासारंग:
घाटवाट यांचं पटलं, पण मुखावरची बंदरं विसरू नका. दाभोळ आणि चौल ही एकेकाळची केवढी मोठी बंदरं! अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौललाच उतरला होता. दाभोळ बहमनी आणि नंतर आदिलशाहीच्या काळात अरबस्तान-इराणशी व्यापार करणारं शहर होतं, आणि १५०८ च्या शेवटी पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडानं ते जाळलं. म्हणजे मुखावर वसण्याचा धोका काय ते यातून कळतं.

खरं तर मुख आणि पेठ ही जोडी होती. मुखावर किल्ला आणि जकात, आत बाजार. सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा हिंमतगड आणि आत महाड. वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड आणि आत चिपळूण, त्याच्याही शेजारी धक्क्यावर नजर ठेवायला गोवळकोट. वाघोटनच्या मुखावर विजयदुर्ग आणि आत खारेपाटण. मुख ज्याच्या हातात त्याच्या हातात आतली पेठ, कान्होजी आंग्र्यांचं सगळं बळ यातच होतं.

पण आत असलं म्हणजे सुरक्षित असंही नाही हां. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली, त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटून चुकता केला, आणि महाराज जमिनीवरून आले होते. समुद्राकडून लपलेलं गाव घाटाकडून उघडं असतं.

आगरातली:
दादा, समुद्राकाठच्या गावांना बाजारपेठ म्हणून नाव नाही हे बरोबर, पण ती गावं फार विचार करून वसवलेली आहेत, त्यांच्याबद्दल पण लिहायला हवं म्हणून लिहितेय.

दिवेआगर, मुरुड, केळशी, गुहागर, कुठेही जा, रचना एकच. किनाऱ्याला समांतर एक लांब रस्ता, दोन्ही बाजूला घरं, प्रत्येक घराच्या मागे अरुंद आणि लांबच लांब नारळ-पोफळीचं आगर, समुद्राकडच्या बाजूचं आगर थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत जातं. हे सगळं वाळूच्या पट्ट्यावर आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावर विहिरीला गोडं पाणी. त्या विहिरीवर रहाट, रहाटाचं पाणी पाटानं आगराला. रहाट हळूहळू उपसायचा म्हणून तो थर टिकायचा, पंप लावून भसाभसा उपसलं की विहीर मचूळ होते, हे आता बऱ्याच गावांत झालंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. गावाच्या मागे सखल भातशेती, त्याच्या मागे डोंगर. अशी गावंही जुनीच, दिवेआगरचा मराठी ताम्रपट शके ९८२ म्हणजे १०६० चा आहे.

आणि एक गोष्ट, कोळीवाडे, खारवीवाडे, दालदी मुसलमानांची वस्ती अशा मासेमारी करणाऱ्यांच्या वस्त्या बहुतेक खाडीच्या मुखाशी, आडोशाला असतात. उघड्या पुळणीवर होड्या ठेवून पावसाळा काढता येत नाही. हर्णैला बंदर आहे कारण तिथे भूशिराचा आडोसा मिळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात धडकलं तेव्हा आमच्याकडची पिढ्यान्पिढ्यांची आगरं एका दुपारीत आडवी झाली. पोफळ लावून उत्पन्न यायला पाच-सात वर्षं, नारळाला त्याहून जास्त, त्यामुळे ती गावं अजून सावरतायत.

घाटवाट:
ताई, फार छान लिहिलंत. राहिला मधला सडा. कातळावर माती नाही, पावसाळ्यानंतर पाणी नाही, म्हणून वस्ती कायम सड्याच्या कडेला, जिथे झरा फुटतो तिथे. पण माणूस सड्यावर नव्हताच असं नाही, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं बघा. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती जपली पाहिजेत, एकदा जेसीबी फिरला की परत मिळणार नाहीत.

खाडीपट्टा:
वा, सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. मग या पेठा मागे का पडल्या? आणि महाड-चिपळूणला सारखा पूर येतो त्याचा या भरतीशी संबंध आहे का?

दर्यासारंग:
मागे पडल्या गाळानं आणि आगबोटीनं. डोंगरावरची झाडं तुटली, माती खाडीत आली. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येच लिहिलंय की मोठी जहाजं राजापूरच्या जुन्या धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. आगबोटीला तर खोल पाणी लागतं, ती मुखाबाहेरच उभी राहणार. शिवाय इंग्रजांनी दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं आधी बाणकोटला ठेवलं आणि १८२२ मध्ये रत्नागिरीला नेलं, म्हणजे कचेऱ्या समुद्रावर गेल्या. तरी जुन्या पेठा मेल्या नाहीत कारण रस्ता त्यांच्याकडूनच गेला. मुखाशी खाडी रुंद, तिथे पूल बांधणं अवघड, पूल सोपा पडतो तो खाडी अरुंद होते तिथे, आणि तिथे ही गावं आधीपासून बसलेली. १९९८ ला सुरू झालेली कोकण रेल्वे पण चिपळूण, संगमेश्वर असं आतूनच जाते.

पुराचं म्हणाल तर संबंध थेट आहे. घाटावरून उतरणारं पाणी काही तासांत खाली येतं, नद्या आखूड आणि उतार उभा. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथेच गाव. भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली की नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, त्यात पात्रात गाळ. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा हेच बघितलं. गाव चुकीच्या जागी नाही, पण ती जागा नदी आणि समुद्र दोघांची आहे, तिथे पूररेषेत भराव घालून इमारती उठवणं हा गुन्हा समजला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आगरातली:
खाडीपट्टा, प्रत्यक्ष बघायचं असेल तर गोवळकोटच्या धक्क्यावर जा, पण भरतीची वेळ बघून. तिथीला पाऊण पट करा, जेवढं येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती, हा आमच्याकडचा हिशेब. तो मुखाजवळचा, खाडीत जेवढं आत जाल तेवढा उशीर धरायचा. अष्टमीला जाऊ नका, भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस घ्या, तेव्हा दाभोळकडून वर येणारं पाणी डोळ्यांना दिसतं. आणि पाण्यात पाय घालून बसू नका, त्या खाडीत मगरी आहेत.