जर्मनी: प्रमाणपत्र हाती नसलेल्या सीरियन इलेक्ट्रिशियनला नोकरीपर्यंत कसं न्यायचं?

नेकरकाठ

स्टुटगार्टच्या आसपास राहणारे आणि निर्वासितांच्या मदतगटांत काम करणारे मराठी लोक इथे आहेत, म्हणून विचारतो. आमच्या गटाकडे एक सीरियन कुटुंब आहे. नवरा ३४ वर्षांचा, घरगुती आणि दुकानांच्या वायरिंगचा दहा-अकरा वर्षांचा अनुभव. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आहे, इंटिग्रेशनकुर्स (भाषा आणि देशाची ओळख करून देणारा सरकारी कोर्स) संपला, बी१ (जर्मन भाषेची मधली पातळी) हातात आहे. व्यवसाय शाळेचं प्रमाणपत्र मात्र युद्धात गेलं. जॉबसेंटर (भत्ता देणारं आणि नोकरी सुचवणारं सरकारी कार्यालय) त्याला गोदामातली नोकरी सुचवतंय. बायको तिकडे शाळेत शिकवायची, मुलं ४ आणि २ वर्षांची.

प्रश्न तीन. कागद नसताना त्याच्या कौशल्याला मान्यता मिळते का? मिळेपर्यंत गोदाम धरावं का? आणि मालकाशी बोलताना नेमकं काय मांडावं? आमच्या गटात सगळे ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरीवरचा परवाना) आलेले सॉफ्टवेअरवाले, हांडवेर्कच्या (कारागिरी व्यवसायांच्या) जगाची कुणालाच कल्पना नाही.

---

मुळामुठा_न्यूर्नबर्ग

आधी त्याचं रेसिडेन्स कार्ड आणि सोबतचा हिरवट कागद असेल तर तोही नीट वाचा. 'एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट' (कमाईचं काम करायला परवानगी) असं लिहिलं असेल तर नोकरी आणि स्वतःचा धंदा, दोन्ही मोकळं. मालकाला वेगळी परवानगी काढावी लागत नाही. ब्लू कार्डचा अनुभव इथे विसरा. तिथे नोकरीवर परवाना मिळतो, इथे संरक्षणावर. नोकरी गेली म्हणून ह्याचा परवाना जात नाही, हे छोट्या मालकांना माहीत नसतं आणि ते विनाकारण बिचकतात. (ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून चालू आहे किंवा ज्यांच्याकडे डुल्डुंग, म्हणजे हद्दपारी तात्पुरती थांबवल्याचा कागद, आहे, त्यांचं गणित वेगळं. त्यांना प्रत्येक नोकरीसाठी आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, मंजुरी लागते. त्यांच्यासाठी हा धागा वापरू नका.)

कार्डाची मुदत संपत आली असेल तर मुदतीच्या आत नूतनीकरणाचा अर्ज टाका आणि पोच जपून ठेवा. भेटीची तारीख महिनोन्‌महिने मिळत नाही, पण वेळेत अर्ज केला असेल तर जुने हक्क तसेच चालू राहतात. त्याचा पुरावा म्हणून फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग मागून घ्या. हा कागद नसल्यामुळे पगारपत्रक करणाऱ्या बाईंनी माणसाला कामावरून थांबवलं, असं सर्रास घडतं.

आता मान्यता. पहिला फाटा इथेच आहे आणि तो चुकला की फी वाया जाते. घरांच्या-दुकानांच्या वायरिंगचा जर्मन व्यवसाय म्हणजे 'एलेक्ट्रोनिकर, एनर्गी उंड गेबॉयडेटेख्निक'. हा हांडवेर्कमध्ये मोडतो, म्हणून अर्ज तुमच्या विभागाच्या हांडवेर्क्सकामरकडे (कारागिरांच्या चेंबरकडे). कारखान्यातल्या यंत्रांची, पॅनेलची कामं केली असतील तर संदर्भ-व्यवसाय (ज्या जर्मन व्यवसायाशी तुलना होते तो) बदलतो आणि अर्ज न्यूर्नबर्गच्या आयएचके फोझाकडे (उद्योग-व्यापार चेंबरांच्या मान्यता-कार्यालयाकडे) जातो. अर्जाआधी कामरच्या सल्लागाराला भेटून संदर्भ-व्यवसाय पक्का करा. हा सल्ला फुकट असतो.

कागद नसतील तर कायद्यातच वाट आहे: व्यावसायिक पात्रता निश्चिती कायद्याच्या कलम १४ खाली क्वालिफिकात्सिओन्सआनालूझे. म्हणजे तज्ज्ञासमोर काम करून दाखवणं आणि त्यावर तोंडी चर्चा. साधी मान्यता-प्रक्रिया साधारण १०० ते ६०० युरोत होते, ही चाचणी त्यावर बरीच महाग पडते. खर्च जॉबसेंटर उचलू शकतं, पण आधी लेखी अर्ज, मग चाचणी. पावती घेऊन मागाहून गेलात तर हात हलवत परत याल.

आणि प्रमाणपत्र आणायला त्याने स्वतः सीरियात जायचं नाही. त्या प्रवासावरून संरक्षण काढून घेण्याची कारवाई सुरू होऊ शकते. नातेवाइकाकडून प्रत मागवा, जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करा.

---

व्होल्ट_आणि_वडापाव

वरचं सगळं बरोबर. पण मान्यतेच्या चाचणीत लोक कुठे पडतात ते सांगतो. हातात कसब असतं. गाडी अडते ती तपासणी आणि नोंदीपाशी.

पाच सुरक्षा-नियम क्रमाने, जर्मनमध्ये, झोपेतून उठवलं तरी यायला हवेत: पुरवठा पूर्ण तोडणं, पुन्हा चालू होणार नाही अशी सोय करणं, व्होल्टेज नाही याची खात्री करणं, अर्थिंग आणि शॉर्ट करणं, शेजारचे जिवंत भाग झाकणं. तिसऱ्या पायरीला आपल्याकडचा पेचकस-टेस्टर खिशातून काढला की तज्ज्ञाचा चेहरा बदलतो. इथे दोन टोकांचाच टेस्टर, आणि तो आधी चालू लाइनवर तपासून घ्यायचा.

मग डीआयएन व्हीडीई ०१००-६०० (वायरिंग तपासण्याचं जर्मन मानक) ची मोजमापं: संरक्षक तारेची सलगता, इन्सुलेशनचा रोध (२३० व्होल्टच्या सर्किटला ५०० व्होल्टवर मोजून किमान १ मेगाओम), लूप इम्पिडन्स (बिघाडाच्या वाटेतला रोध), एफआय-स्विचची (प्रवाह गळला की पुरवठा तोडणारा स्विच) चाचणी. ३२ अँपिअरपर्यंतच्या साध्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा एफआय का लागतो, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. शेवटी मोजणीचा प्रोटोकॉल भरून सही. ज्याने दहा वर्षं वायरिंग केलं पण एकदाही प्रोटोकॉल भरला नाही, त्याला बहुतेक वेळा अंशतः मान्यता मिळते. तेही वाईट नाही: निकालपत्रात काय कमी आहे ते लिहिलेलं असतं आणि तेवढाच भाग पूरक प्रशिक्षणातून भरून काढता येतो.

गोदामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. गोदामात वर्ष गेलं की भाषा तिथल्या तीनशे शब्दांवर थांबते आणि बायोडेटात भोक पडतं. त्यापेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानात एलेक्ट्रोहेल्फर, म्हणजे मदतनीस, म्हणून घुसवा. नोकरदार म्हणून काम करायला मान्यता कायद्याने लागत नाही. ती लागते स्वतःचं दुकान टाकायला, आणि त्यासाठी बहुधा माइस्टरही (उस्ताद कारागिराची पदवी). हेल्फरने पात्र माणसाच्या देखरेखीखाली पाइप टाकायचे, केबल ओढायची, डबे बसवायचे, भिंतीत खाचा मारायच्या. बोर्डला स्वतःच्या जबाबदारीवर हात लावायचा नाही. हे मालकालाही आधीच सांगा. मनुष्यबळ कमी असलं की तो मोहात पडतो.

दुसरा फायदा. मान्यता नाहीच मिळाली तरी प्रशिक्षण न घेता बाहेरून व्यवसायाची अंतिम परीक्षा देण्याचा मार्ग उरतो. त्यासाठी प्रशिक्षणाच्या दीडपट अनुभव लागतो. हे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, म्हणजे सव्वापाच वर्षं. परदेशातला अनुभवही धरता येतो, मात्र तो पटेल असा दाखवायला हवा. म्हणून आजच वही काढा: कोणत्या वर्षी, कुठल्या शहरात, कसली इमारत, किती फेजचा पुरवठा, स्वतः काय केलं. जुने फोटो फोनमध्ये असतील तर तारखेनुसार लावा.

---

मुळामुठा_न्यूर्नबर्ग

गोदामाबद्दल थोडा असहमत. शोध लांबला आणि जॉबसेंटरने लेखी प्रस्ताव पाठवला, तर सबळ कारण न देता नाकारल्यास भत्ता कापला जाऊ शकतो. 'नको' म्हणण्याऐवजी सहकार्य-आराखड्यात, म्हणजे कोओपरात्सिओन्सप्लानमध्ये, 'इलेक्ट्रिक व्यवसायातली मान्यता आणि त्याच क्षेत्रात नोकरी' हे उद्दिष्ट लिहून घ्या. तेवढं कागदावर आलं की अधिकाऱ्यालाही गोदाम पुढे करणं जड जातं. भेटीला तुम्ही सोबत बसू शकता, तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. पण बोलू द्या त्यालाच.

मालकाशी बोलण्याबद्दल. इंग्रजी बायोडेटा, तोही चार पानी, हा आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा आवडता उपद्व्याप. दहा माणसांच्या दुकानाचा माइस्टर तो वाचणार नाही. एक पान, जर्मनमध्ये, वर फोन नंबर, खाली येणाऱ्या कामांची यादी. सकाळी सातच्या आधी किंवा चारनंतर दुकानात प्रत्यक्ष जा. आणि नोकरी मागू नका, दोन आठवडे काम करून दाखवायची चाचणी मागा.

ती चाचणी जॉबसेंटरमार्फत 'माग' (मालकाकडे काम करून बघण्याची योजना) म्हणून मंजूर करून घ्या. एका मालकाकडे सहसा सहा आठवड्यांपर्यंत चालते, भत्ता चालू राहतो, विमा असतो, मालकाला पगार द्यावा लागत नाही. मंजुरीशिवाय 'ये रे, बघू काम' म्हणून चार दिवस राबवलं तर ती कायद्याच्या नजरेत नोकरीच ठरू शकते आणि किमान वेतन लागू होतं. त्याहून वाईट म्हणजे शिडीवरून पडला तर विम्याचा वाद.

चाचणी जमली की आइनग्लीडरुंग्सत्सुशुस, म्हणजे मालकाला पगारात मदत. साधारणपणे पगाराच्या निम्म्यापर्यंत, बारा महिन्यांपर्यंत. रक्कम अधिकारी ठरवतो, हक्क नाही. इथेही तेच: करारावर सही होण्याआधी अर्ज. उत्साही मालक शुक्रवारी सही करतो आणि सोमवारी अर्ज भरतो, मग पैसे गेले.

---

नेकरकाठ

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. पूर्ण वेळ नोकरी लागली की जॉबसेंटरचे पैसे लगेच बंद होतात का? पहिला पगार महिनाअखेरीला येणार, भाडं एक तारखेला. आणि बायकोचं काय?

---

कोकणकडा_लायप्झिग

पैशाचा भाग माझा, कारण बहुतेकांची पहिली नोकरी इथेच कडू होते.

जॉबसेंटर उत्पन्न मोजतं ते ज्या महिन्यात खात्यात आलं त्या महिन्याचं. १ तारखेला रुजू झाला आणि पगार ३० ला जमा झाला, तर त्याच महिन्याचा भत्ता जास्त दिला गेला असं धरून परत मागतात. तोच पगार पुढच्या महिन्याच्या १ तारखेला जमा झाला तर रुजू होण्याचा महिना पूर्ण भत्त्याचा. तेव्हा करारात पगाराची तारीख बघा. महिनाअखेरच असेल तर भत्ता अडवला जाण्याआधी कर्ज मागा. दुसऱ्या सामाजिक संहितेच्या कलम २४ मध्ये येऊ घातलेल्या उत्पन्नावर कर्जाची तरतूद आहे.

नोकरी लागली म्हणजे मदत संपली असंही नाही. २०२६ चं किमान वेतन तासाला १३.९० युरो, आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याला कर-विमा कापण्याआधी सुमारे २,४०० युरो. चौघांच्या कुटुंबाला स्टुटगार्टच्या भाड्यात हे बहुधा पुरत नाही. मूल असेल तर कमाईतले जास्तीत जास्त ३७८ युरो मोजणीतून वगळतात, बाकीचं वजा करून उरलेली तूट जॉबसेंटर भरतं. पगार थोडा वर गेला की ते सोडून किंडरत्सुशलाग (कमी कमाईच्या पालकांना मुलांसाठी पूरक भत्ता) आणि वोनगेल्ड (घरभाड्याची मदत) घेणं परवडतं का, ते ताडून बघा. मंजुरी येईपर्यंत जॉबसेंटर सोडू नका.

पगार दरमहा बदलत असेल (ओव्हरटाइम!) तर जॉबसेंटर अंदाजाने तात्पुरता निर्णय देतं आणि सहा महिन्यांनी हिशेब करतं. प्रत्येक पगारपत्रक आलं की लगेच पोर्टलवर चढवा. नाहीतर वर्षाच्या शेवटी हजार-दीड हजाराची वसुली दारात येते आणि माणसाला वाटतं, काम करून दंडच बसला.

रुजू होण्याआधी मालकाला करओळख क्रमांक, सामाजिक विमा क्रमांक, आरोग्य विम्याचं नाव आणि बँक खातं द्या. करक्रमांक वेळेत पोचला नाही तर सहाव्या (सगळ्यात जड) करवर्गाने कापणी होते आणि हातात धक्कादायक रक्कम येते. वैध वास्तव्य असणाऱ्याला मूलभूत खातं नाकारायला बँकेला सहसा कारण नसतं. 'बाझिसकोंटो' हा नेमका शब्द वापरा.

बायकोबद्दल: आधी किटा (पाळणाघर-बालवाडी), मग सगळं. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा आपोआप येत नाही. नगरपालिकेच्या पोर्टलवर नोंदवा, नकार लेखी घ्या. नकाराचा कागद पुढे दबावासाठी लागतो. जागा मिळेपर्यंत मुलं सांभाळणाऱ्या इंटिग्रेशनकुर्सची चौकशी करा: हा कोर्स ७०० तासिकांचा, त्यात ६०० भाषेच्या, १०० देशाची ओळख. नवऱ्याला नोकरी आधी आणि बायको 'नंतर बघू' असं केलं की ते नंतर चार वर्षांनी उजाडतं.

शिक्षकी पेशा इथे नियंत्रित आहे. राज्य मान्यता देतं, जर्मन खूप वरच्या पातळीचं लागतं, आणि शाळेसाठी सहसा दोन विषय मागतात. लांबचा रस्ता आहे. दरम्यान शाळेतली सहायक किंवा किटातलं पूरक काम बघा, भाषा तिथेच वाढते.

आणि एक काळजी घ्या. जॉबसेंटरच्या निर्णयाविरुद्ध हरकत लिहून देणं हे कायदेशीर सल्ल्यात मोडतं. स्वयंसेवकाने कायद्याच्या जाणकाराच्या मार्गदर्शनाशिवाय ते करू नये. हरकतीची मुदत एक महिना, पत्रातला शेवटचा परिच्छेद वाचा. कारिटास, डियाकोनी, आवो, रेड क्रॉस या समाजसेवी संस्थांकडे प्रौढांसाठी मोफत स्थलांतर सल्ला मिळतो, 'एमबीऑन' ॲपवरूनही.

---

व्होल्ट_आणि_वडापाव

गाडीचं कुणी बोललं नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानाची पहिली चौकशी 'क्लास बी (कारचं लायसन्स) आहे का?' हीच असते, कारण सकाळी व्हॅन घेऊन साइटवर जायचं असतं. सीरियाचं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतं. नंतर ते बदलून घ्यायला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ड्रायव्हिंग स्कूलचे सक्तीचे ठरावीक तास मात्र माफ असतात. लेखी परीक्षा अरबीत देता येते. लायसन्सचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा नऊ तासिकांचा कोर्स, फोटो, हे जमवून आजच अर्ज टाका. नोकरीचं लेखी आश्वासन आणि 'लायसन्स आवश्यक' असं मालकाचं पत्र असेल तर जॉबसेंटर खर्चात मदत करू शकतं. अर्ज कधी, ते आता सांगायला नको.