‘परम’च्या नावाने चाललेली फुशारकी आता पुरे

भोचक_भाऊ
सोसायटीच्या ग्रुपवर आज तो फॉरवर्ड पुन्हा उगवला. ‘अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला, मग पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तीन वर्षांत त्याहून भारी मशीन बनवून अमेरिकेचं नाक कापलं, जगात दुसरा नंबर!’ खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. तिथे काही बोललो की सेक्रेटरी रुसतात, म्हणून इथे ओकतो.

नकार दिला हे अर्धसत्य आहे. आपण मागितला होता क्रे या अमेरिकन कंपनीचा एक्स-एमपी २४, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी (आयआयएस्सी). तो नाही मिळाला. मिळाला एक्स-एमपी १४, म्हणजे दोनऐवजी एक प्रोसेसर, आणि तोही हवामानाखेरीज कशाला हात लावणार नाही अशा अटींवर. पण मिळाला! १९८९ साली दिल्लीत सुरूसुद्धा झाला. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

फॉरवर्डमधलं ते ‘भारी मशीन’ म्हणजे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा सुपरकॉम्प्युटर ‘परम ८०००’. तो आला १९९१ मध्ये. त्यातली चिप टी८०० ट्रान्सप्युटर (दुसऱ्या चिपांना थेट जोडता येणारा प्रोसेसर), ब्रिस्टलच्या इन्मॉस या ब्रिटिश कंपनीची. आपली फक्त जोडणी आणि सॉफ्टवेअर. आणि दुसरा नंबर कुठल्या यादीत हो? जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांची टॉप ५०० ही यादीच मुळी १९९३ मध्ये सुरू झाली. शिवाय बंगळूरला एनएएल या विमानशास्त्राच्या प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर हा समांतर (अनेक प्रोसेसर एकदम राबवणारा) संगणक १९८६ पासून चालत होता, पण त्याचं नाव घेतलं तर पुण्याचा अपमान होतो बहुतेक.

कातळकडा
‘फक्त जोडणी आणि सॉफ्टवेअर’ वाचून चहा सांडला. अहो, समांतर मशीनमध्ये जोडणी आणि सॉफ्टवेअर सोडून उरतं काय? डबा? एकेका ट्रान्सप्युटरला चार लिंक असायच्या. त्या चार धाग्यांवर ६४ नोड, म्हणजे ६४ ट्रान्सप्युटर, एकमेकांशी बोलवायचे, कोणी कोणाची वाट बघत अडकून बसू नये हे बघायचं, वर फोरट्रान भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या प्राध्यापकाला हे सगळं दिसू द्यायचं नाही. हे काम पुण्याच्या गणेशखिंडीत झालं, ब्रिस्टलमध्ये नाही.

आणि चिपचंच म्हणाल तर क्रे-१ मध्ये फेअरचाइल्डच्या चिपा होत्या. ते मशीन रचणाऱ्या सेमूर क्रेने काही परसात वाळू भाजून सिलिकॉन काढलं नव्हतं. तो अमेरिकन म्हणून ‘निर्माता’, सी-डॅकचे तेव्हाचे प्रमुख विजय भटकर आपले म्हणून ‘जोडारी’?

भोचक_भाऊ
क्रेने सर्किट, मांडणी, थंड करायची व्यवस्था, सगळं नव्याने रचलं होतं. तुलना करताना जरा लाज बाळगा. भटकरांबद्दल मला आदरच आहे, राग फॉरवर्डवाल्यांवर आहे. वाचून प्रतिसाद द्या, चहा नंतर प्या.

नळस्टॉप_नंदू
दोघंही मशीनवर भांडताय. वापरलंय का कोणी? आमच्या कॉलेजला तशाच एका समांतर मशीनवर थोडा वेळ मिळायचा. सर म्हणाले, तुझा प्रोग्राम सोळा प्रोसेसरवर टाक, तासाचं काम चार मिनिटांत. टाकला. पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला! सोळाही जण गणित करायचं सोडून एकमेकांना निरोप पाठवत बसले होते. प्रोग्राम नव्याने लिहायला सहामाही गेली आणि माझा प्रबंध त्या नादात लांबला. तेव्हा मशीन बनवणं एक, त्याच्यावर चालवायला काही असणं वेगळं. पैसा पहिल्याला मिळतो, दुसऱ्याला ‘बघू पुढच्या बजेटात’.

एडिसनकर
+१ नंदू. इकडे अमेरिकेतही तेव्हा तेच रडगाणं होतं. समांतर मशीन बनवणाऱ्या थिंकिंग मशीन्सने १९९४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, सेमूर क्रेच्या क्रे कॉम्प्युटर कंपनीने १९९५ मध्ये. परम मात्र पुढे चालू राहिला, १९९८ मध्ये परम १०००० आला. हे निदान मान्य करा.

डीटीपीवाली_ताई
माफ करा, जरा अवांतर. परम परम काय लावलंय सगळ्यांनी? त्याच सी-डॅकमधलं जे काम माझ्यासारखीच्या पोटापाण्याशी आलं त्याबद्दल एक अक्षर नाही. जिस्ट! आयआयटी कानपूरला सुरू झालेलं, मग पुण्यात आलेलं. पीसीच्या आत एक कार्ड बसवलं की साध्या डॉसमध्ये, याद्या ठेवायच्या डीबेसमध्ये, देवनागरी उमटायची. मराठीत नाव टाका, कळ दाबा, तेच नाव गुजरातीत, कन्नडमध्ये. मतलब नुसता दिखावा नाही, आत सगळ्या लिप्यांना एकच संकेत होता, इस्की. १९९१ ला त्याचं मानक ठरलं. आज जगभर सगळ्या लिप्यांसाठी वापरतात त्या युनिकोड संकेताच्या देवनागरीची मांडणीसुद्धा इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. हे फॉरवर्ड करा की ग्रुपवर.

कातळकडा
ताई, इतकं छान मानक होतं तर तुम्ही लोकांनी वापरलं का नाही? नव्वदच्या दशकातली एकतरी मराठी फाइल आज उघडते का? मामांनी नाटक लिहिलं होतं, टिळक रोडवरच्या एका दुकानात टाइप करून घेतलं. फ्लॉपी जपून ठेवली. उघडली तर ‘¥mQ> {S>’ छाप कचरा. मामा गेले, नाटक त्या कचऱ्यात अडकलंय.

डीटीपीवाली_ताई
कचरा नाही तो, फॉन्ट नाहीये तुमच्याकडे. विंडोज आल्यावर कार्डाची गरज संपली आणि प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने मराठी तुकडे बसवले. एकीचा ‘क’ जिथे, दुसरीची वेलांटी तिथे. वर मागे प्रिंटरच्या पोर्टला कंपनीची ‘लॉक’ नावाची डबी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचं नाही. माझं लॉक एकदा गेलं, ऐन लग्नसराईत, तर कंपनी म्हणाली नवीन पॅकेज घ्या. पुऱ्या किमतीला! आणि दोष दुकानदारांचा?

भोचक_भाऊ
धागा परमचा आहे.

नळस्टॉप_नंदू
आता फॉन्टचा आहे. भाऊ, बाजूला बसा.

कातळकडा
दोष दुकानदारांचाही आहेच. इनस्क्रिप्ट कळफलक ऐंशीच्या दशकातच ठरला होता. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. तुम्ही मंडळी मात्र टाइपरायटरला चिकटून राहिलात.

डीटीपीवाली_ताई
तीसची मराठी टायपिंगची परीक्षा पास होऊन आलेल्या मुली होत्या माझ्याकडे. बोटं त्या कळांवर बसलेली. रात्री अकरापर्यंत पत्रिका, त्यात तुमचा सरकारी कळफलक शिकायला वेळ कोण देणार, तुम्ही? तुमच्यासारख्यांनी तेव्हा ‘मराठीत काय करायचंय कॉम्प्युटर’ म्हणून नाकं मुरडली. आता मामांची आठवण येते.

कातळकडा
मामांवर जायचं काम नाही.

संपादक मंडळ
वैयक्तिक शेरे आवरा. नाहीतर धागा वाचनमात्र करू.

एडिसनकर
विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, सुलेखनकार र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट घेऊन. तरी नंतर कितीतरी वर्षं मराठी वर्तमानपत्रांच्या साइटी ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ म्हणायच्या. मानक असून न पाळणं हा आपला गुण. इथे बसून मराठी वाचण्यासाठी काय काय उतरवलंय, विचारू नका.

भोचक_भाऊ
बरं, घ्या. परम थोर, जिस्ट त्याहून थोर, क्रेने चिपा विकत घेतल्या हेही थोर. कातळकडा यांचा जोडणीचा मुद्दा मी ‘विचाराधीन’ यादीत टाकला आहे, मंत्रालयात टाकतात तसा. पण जगात दुसरा नंबर नव्हे म्हणजे नव्हे. ज्याला दाखवायचाय त्याने यादी दाखवावी.

कातळकडा
यादी नाही माझ्याकडे. तरी फॉरवर्ड पाठवणाऱ्या आजोबांना सुनावण्याआधी हे लक्षात असू द्या, की त्यांनी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावलेला देश पाहिलाय. त्या देशात तीन वर्षांत ६४ नोड बोलायला लागले.

ताई, रागावला असाल तर असा. फ्लॉपी वाचून देणारा माणूस मिळालाय. फाइल पाठवली तर युनिकोडमध्ये करून द्याल का? पैसे देईन.

डीटीपीवाली_ताई
पैशाचं नंतर. आधी दुकानाचं नाव आठवतंय का ते सांगा, म्हणजे कुठलं पॅकेज होतं ते कळेल. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि फाइल वर्डमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नका, आहे ते पण जाईल.