पायथॉन: डिफॉल्टडिक्टला नुसतं विचारलं तरी नोंदी वाढतात

शब्दगणक:
मराठी लेखांतले शब्द मोजायला डिफॉल्टडिक्ट(इंट), म्हणजे नसलेल्या शब्दाला आपोआप ० देणारी डिक्शनरी, वापरलाय. मोजणी बरोबर येते. पण नंतर १,२०० शब्दांची यादी घेऊन कोणता शब्द किती वेळा आला ते तपासलं, की डिक्शनरीत ० किमतीच्या नोंदी दिसू लागतात. तिच्यावर लूप चालू असताना तपासलं तर ‘डिक्शनरी चेंज्ड साइझ ड्युरिंग इटरेशन’ ही एरर. वाचताना लिहिलं का जातंय? लेखांच्या दोन आवृत्त्यांमधला फरकही काढायचाय. आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द निकालात दोनदा कसा?

कंसातला:
चौकोनी कंसात न सापडणारा शब्द दिला की डिफॉल्टडिक्ट इंट() चालवतो, आलेलं ० त्या शब्दापुढे साठवतो आणि मग परत देतो. हे फक्त चौकोनी कंसानेच होतं. ‘इन’ आणि गेट() काही साठवत नाहीत. म्हणून तपासताना गेट(शब्द, ०) लिहा. ते ० विसरू नका, नाहीतर नन (‘काहीच नाही’) मिळेल. गेट() फॅक्टरीकडे (किंमत बनवणारं फंक्शन, इथे इंट) बघतही नाही.

मोजणी संपली की डिफॉल्ट_फॅक्टरी = नन करून टाका. मग नसलेल्या शब्दावर सरळ कीएरर येते आणि चुकीचं स्पेलिंग तिथेच पकडलं जातं. ही एक ओळ फार कमी लोक लिहितात, लिहायला हवी.

मोजदाद:
नुसत्या मोजणीसाठी काउंटरच (पायथॉनची मोजणीसाठीची तयार डिक्शनरी) घ्या. नसलेल्या शब्दाला तो ० सांगतो आणि नोंद करत नाही, त्यामुळे तुमची एररही जाईल. डिफॉल्टडिक्ट(लिस्ट) गट पाडायला ठेवा, उदा. पहिल्या अक्षरानुसार शब्द.

फरक काढताना जपा. दोन काउंटरमध्ये वजाबाकीचं चिन्ह वापरलं तर ० आणि ऋण आकडे गळून पडतात, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत वाढलेले शब्द दिसणारच नाहीत. सबट्रॅक्ट() ऋण आकडे ठेवतो, पण मूळ काउंटरच बदलतो. आधी कॉपी() करा.

अपडेट()ला अख्खी ओळ दिलीत तर शब्द नाही, एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह) मोजला जाईल: ‘की’चे दोन, क आणि वेलांटी वेगळे. स्प्लिट() करूनच द्या.

रफार:
‘दुसऱ्या’चं कारण डिक्शनरीत नाही, मजकुरात आहे. तो ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: ऱ (यू+०९३१) आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर सारखेच दिसतात, पण स्ट्रिंग वेगळ्या, म्हणून नोंदीही दोन. युनिकोडडेटा मॉड्यूलचं एनएफसी नॉर्मलायझेशन (सुटी चिन्हं जोडून एकच रूप करणं) र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून ऱ करतं. जॉइनरवाल्या रूपाला मात्र हात लावत नाही. तिथे मोजणीआधी रिप्लेस()ने र-हलन्त-जॉइनरच्या जागी ऱ-हलन्त घाला.

शब्द वेगळे करायला आरई (रेग्युलर एक्स्प्रेशन) मॉड्यूलचं \डब्ल्यू, म्हणजे ‘शब्दातलं अक्षर’ शोधणारं चिन्ह, नको. ते काना-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही, ‘मराठी’चे तुकडे पाडतं. स्प्लिट() करा आणि कडेची विरामचिन्हं स्ट्रिप()ने काढा.

शब्दगणक:
काउंटर आणि रिप्लेस() दोन्ही लावले. ‘दुसऱ्या’ आता एकदाच येतो. जास्त वापराचे शब्द आधी हवेत, त्यासाठी ऑर्डर्डडिक्ट (क्रम राखणारी डिक्शनरी) लागेल का?

मोजदाद:
नाही. मोस्ट_कॉमन(२०) उतरत्या क्रमाने देतो. टाकल्याचा क्रम ३.७ पासून साधा डिक्टही राखतो; ऑर्डर्डडिक्ट मूव्ह_टू_एंड() (नोंद शेवटी सरकवणं) हवं असेल तेव्हाच घ्या.