मुंज झालेली नाही, ड्युटी रोज बदलते. गायत्रीचा जप कसा सुरू करू?

मुक्कामी वाहक, सातारा

राम राम मंडळी. मी एसटीत वाहक आहे, सतरा वर्षं झाली. वय 43. आठवड्यातून दोन रात्री बामणोलीला मुक्कामी गाडी असते, बाकीचे दिवस कधी पहिली पाळी, कधी दुसरी.

माघात चुलत्यांच्या दहाव्याला संगम माहुलीला गेलो होतो. पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत बसले होते. तेवढ्यात पलीकडे एक म्हातारे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून ओंजळीनं पाणी सोडत काहीतरी म्हणताना दिसले. गाण्यासारखं नव्हतं, पण नुसतं बोलणंही वाटत नव्हतं. ते वर आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "सूर्याला अर्घ्य देतोय, गायत्री म्हणून." तो आवाज तेव्हापासून डोक्यातून जात नाही. दिवसभर डोक्यात घंटी, सुट्ट्या पैशाची भांडणं आणि मशीनचा आवाज असतो. त्यात हे एकच चांगलं आहे.

मला रोज करायचंय, मनापासून. पण आमच्यात मुंज होत नाही. मग चालतं का? रोज एकाच वेळी बसणं जमणार नाही, तर मग करूच नये का? आणि 108चीच माळ लागते का? सध्या मोबाईलवर गायत्री लावून तिच्यामागे म्हणतो.

माणदेशी

दादा, आमच्याकडं गोंदवल्याला महाराजांनी एकच सांगितलं, नाम घ्या. 'श्रीराम जय राम जय जय राम', तेरा अक्षरं. वेळ नको, आसन नको, मुंज नको, चालत्या गाडीत चालतं. माझ्या आईनं दळण-कांडण करताना आयुष्यभर तेच घेतलं. गायत्री मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण ड्युटीवर दिवसभर नाम असू द्या, सकाळी पाहिजे तर गायत्री म्हणा. दोन्हींचं भांडण नाही.

गंगापुरी, वाई

दादा, तुमचा पहिला प्रश्न सोळा वर्षांपूर्वी माझाही होता. मी बाई, त्यामुळे मुंजीचा विषयच नाही. वयाच्या 45व्या वर्षी इथल्या एका वैदिक गुरुजींच्या दारात उभं राहून विचारलं, मला शिकवाल का? ते म्हणाले, "उद्यापासून या, आंघोळ करून."

गायत्रीचा उपदेश परंपरेनं मुंजीतच होतो, हे खरं आहे. तो नेम आजही पाळणारे गुरुजी आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, दुसरीकडे विचारा. सगळ्यांना शिकवणारेही आहेत. घोषा, अपाला, विश्ववारा या बायकांची सूक्तं ऋग्वेदातच आहेत. आणि ज्या विश्वामित्रांच्या नावावर हा मंत्र आहे (तिसरं मंडल, 62वं सूक्त, दहावी ऋचा), त्यांची कथा क्षत्रिय राजाचीच. शेजारच्या बायका नावं ठेवत होत्या, त्या दिवसांत मला याचा फार आधार वाटला.

आता मोबाईल. तो आधी बंद करा, हे कळकळीनं सांगते. त्यावरची गायत्री बहुतेक भक्तिगीताच्या चालीवर असते. ऋग्वेदातल्या मंत्राला चाल नसते, स्वर असतात, म्हणजे अक्षरागणिक आवाजाचा चढ-उतार: उदात्त, अनुदात्त, स्वरित. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी, उदात्त कोरा. 'सवितुः'मधल्या 'वि'खाली रेघ आहे, 'देवस्य'मधल्या 'दे'खाली आहे. पण रेघा बघून स्वर लागत नाही, त्याला संथा घ्यावी लागते. गुरुजी एकदा म्हणतात, आपण दोनदा. पुस्तक मिटलेलं. आधी कान तयार होतो, जीभ मागून येते.

मी आठ दिवस 'प्रचोदयात्'वर अडले होते. शेवटचा त् मी अख्खा 'त' म्हणायची. गुरुजी बोलत नसत, नुसता हात वर करत. हात वर गेला की पुन्हा पहिल्यापासून. जीभ वरच्या दातांमागे टेकवायची आणि तिथंच थांबायचं, मागून 'अ' सुटू द्यायचा नाही. नवव्या दिवशी हात खालीच राहिला. त्या दिवशी घाटाच्या पायऱ्या चढताना मला रडू आलं होतं. 'धियो'तला 'धि'ही ऱ्हस्व आहे, बरेच लोक 'धीयो' म्हणतात. तेवढं आजच सुधारा.

अक्षरं मोजून बघा. गायत्री छंदात आठ-आठ अक्षरांचे तीन चरण, 24 अक्षरं. पण 'तत्सवितुर्वरेण्यं' मोजलं तर सातच भरतात. छंदासाठी तिथं 'वरेणियं' असं मानतात. हे कळल्यावर मी एकेक अक्षर वेगळं ऐकायला लागले. माझं ध्यान खरं तर तिथून सुरू झालं. डोळे मिटून वेगळं काही आणायचं नव्हतं, पुढचं अक्षर नीट यावं एवढ्याकडेच लक्ष.

वेळेचं म्हणाल तर मनुस्मृतीत सकाळच्या संध्येला घड्याळ दिलेलं नाही. सूर्य दिसेपर्यंत उभं राहून जप, संध्याकाळी नक्षत्रं दिसेपर्यंत बसून. तुमची पाळी बदलली तरी उजाडायचं काही राहत नाही. तुम्ही ज्या गावात असाल, तिथं उजाडताना म्हणा.

108चा हट्ट सध्या नको. स्वरात म्हटलं तर मला 108ला वीस मिनिटं लागतात, दहाला दोन. दहाच म्हणा, पण एकही खाडा नको. सुरुवातीला मोठ्यानं म्हणा, म्हणजे चुका ऐकू येतील. उपांशु म्हणजे फक्त ओठ हलवून करायचा जप त्याहून वरचा आणि मनातला सगळ्यांत वरचा मानलाय. पण चूक पक्की झाली तर ती मनातही तशीच जाते.

आणि 'नः' म्हणजे आमच्या, 'धीमहि' म्हणजे आम्ही ध्यान करतो. आमच्या बुद्धीला त्यानं प्रेरणा द्यावी, असं मागणं आहे. एकट्यासाठी नाही. तुमच्या गाडीत बसलेली सगळी माणसं त्यात आली.

हळदबाजार, सांगली

ताईंनी सगळं सांगितलंय. माळेचं मी सांगतो. ड्युटीवर माळ कुठं सांभाळणार? बोटांवर मोजा, त्याला करमाला म्हणतात. उजव्या हाताची अनामिका घ्या. तिच्या मधल्या पेरावर एक, खालच्यावर दोन. मग करंगळीच्या खालच्या पेरापासून वर जात तीन, चार, पाच. अनामिकेचं टोक सहा, मधल्या बोटाचं टोक सात, तर्जनीचं टोक आठ, मग खाली नऊ, दहा. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. बरोबर दहा भरतात.

मी यार्डात वजनकाट्यावर असतो. मन भरकटलं की अंगठा चुकीच्या पेरावर जातो आणि लगेच कळतं. आधी याचा राग यायचा. आता नुसता अंगठा परत आणतो.

मुक्कामी वाहक, सातारा

तीन आठवडे झाले म्हणून लिहितोय. मोबाईल त्याच दिवशी बंद केला. रोज दहा, बोटांवर. दोनदा खाडा पडला, दोन्ही वेळा दुसऱ्या पाळीनंतर उठायला उशीर झाला म्हणून. बामणोलीला जास्त जमतं. ड्रायव्हर काच पुसत असतो, मी जलाशयाच्या काठाला जातो. सूर्य कासच्या डोंगराआड असतो, पाणी आधी पांढरं होतं. तिथं मोठ्यानं म्हणतो, ऐकायला कोणी नसतं. साताऱ्यात घरी पोरं झोपलेली, तिथं ओठांतच.

'धि' ऱ्हस्व झाला. 'त्' अजून धड नाही, कधी जमतो, कधी मागून 'अ' निसटतो. स्वराचं तर काहीच कळत नाही, नुसतं सरळ म्हणतोय. माणदेशी दादा, नामही चालू आहे. मेढ्याच्या गाडीला गर्दी असली की आपोआप सुरू होतं.

ताई, तुमचे गुरुजी अजून शिकवतात का? रविवारी माझी सुट्टी आहे. सातची वाई गाडी पकडली तर चालेल का? येताना काय आणू?

गंगापुरी, वाई

गुरुजी आता 84 वर्षांचे आहेत, सकाळचा तासभरच बसतात. मी कालच विचारलं, या म्हणाले. पण सातची गाडी नको, त्याआधीची पकडा. आठच्या आत घाटाशी पोहोचा, मी गणपतीच्या बाजूला थांबते. वही-पेन नको, त्यांना चालत नाही. एक नारळ आणा, आणि आंघोळ करून या.