मोजणी रात्रीची हवी

पवनचक्क्यांच्या आवाजावरच्या या चर्चेत एकाने लिहिलंय की पवनचक्कीच्या न ऐकू येणाऱ्या आवाजाने, म्हणजे इन्फ्रासाउंडने, माणसं आजारी पडतात. दुसऱ्याने हे सगळे मनाचे खेळ ठरवलेत. मला दोन्ही पटत नाही.

कॅनडाच्या आरोग्य खात्याने पवनचक्क्यांच्या परिसरातल्या १,२३८ घरांची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष दिले. झोपेच्या तक्रारी किंवा आजार यांचा आवाजाच्या पातळीशी संबंध आढळला नाही. पण आवाज जास्त तिथे वैताग जास्त, हे स्पष्ट दिसलं. आणि वैतागलेल्यांत अर्धशिशी, चक्कर यांच्या तक्रारीही जास्त होत्या. मग त्या माणसाला 'तुला काही झालेलं नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

देवगडच्या पवनचक्क्या बघायला लोक येतात ते बहुतेक दिवसा. तेव्हा खारा वारा आणि लाटांचा आवाजच एवढा असतो की पात्यांचा ऐकूच येत नाही. थंडीतल्या रात्री जमीन निवते, अंगणात माडाची झावळीही हलत नाही, पण वर वारा चालूच असतो. मग प्रत्येक पातं फिरताना सूं... सूं... असा चढउतार कानात बसतो. एकसुरी आवाजाची सवय होते, याची लवकर होत नाही.

आपल्या नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नवीन प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीने सर्वांत जवळच्या घराच्या पडवीत, थंडीतल्या शांत रात्री मोजणी मागावी. दुपारचे आकडे घेऊन ठराव करू नये.