शनिवारचं गच्चीवरचं जेवण: मेन्यू बदला

जयश्री (बी-४०२): मेन्यूची यादी आत्ता पाहिली. काळ्या मसाल्याचा रस्सा, ठेचा आणि सोलकढी? वियोनिये या व्हाइट वाइनबरोबर? मागच्या वेळी एवढं बोलून झालं होतं.

देशमुख काका (ए-१०१): समितीने ठरवलंय. माझ्याकडे फक्त गच्चीची चावी असते.

जयश्री: काका, चावीचा विषय नाही. वियोनियेत आंबटपणा मुळातच कमी, अल्कोहोल १३.५-१४ टक्के. शेजारी कोकम आलं की ती पाणचट लागते, मिरची आली की घसा जाळते. जर्दाळूसारखा वास हीच तिची मजा, तो पहिल्या घोटातच हरवतो. नारळाच्या रसातली कोंबडी करा, हिरव्या मिरच्या दोनच.

निलेश (सी-५०१): नाशिकमध्ये राहून पथ्याचं जेवायचं का? 😄

संध्याताई (ए-३०२): ठेचा टेबलावर नको 🙏

पराग (सी-२०३): रस्सा राहू द्या, पण सांजोवेझे या रेड वाइनच्या वेळी आणि तिखट निम्मं. अकलूजच्या बाटल्या सांगितल्यात. इटलीतल्या टस्कनीचं हे द्राक्ष चांगलं आंबट असतं, म्हणून चिंच-गुळाच्या भरल्या वांग्यांपुढे ते टिकतं. वाइन पदार्थापेक्षा आंबट हवी, नाहीतर बेचव वाटते. कुटाच्या तेलाने रेडचा तुरटपणा मऊ होतो, मिरचीने उलट बोचतो.

फरीदा भाभी (बी-१०४): मी सुके बोंबील आणू का?

पराग: आणा भाभी, पण रीझलिंग या व्हाइट वाइनबरोबर. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूची चव येते.

कदम (बी-२०१): बी विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी कोणाची? लगेच काढा.

निलेश: कदमसाहेब, हा विषय इथे नको.

कदम: तुमची गाडी असली की नकोच असतो.

संध्याताई: ठेचा टेबलावर नको 🙏

निलेश: ताई, गोडसर रीझलिंग तिखट सोसते, हे परागच सांगतो. मग तिच्याबरोबर ठेचा का नको?

जयश्री: कारण रीझलिंग पहिली आहे! ठेच्याची आग जिभेवरून लवकर उतरत नाही, पुढच्या तिन्ही वाइन वाया जातात. क्रम बदलणार नाही: रीझलिंग, वियोनिये, सांजोवेझे आणि शेवटी पुरणपोळीबरोबर लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन). पुरणासोबत कोरडी वाइन नुसती आंबट लागते, शेवटची बाटली पोळीपेक्षा गोडच पाहिजे.

देशमुख काका: बाटल्या किती? खर्च वर्गणीतून जातो म्हणून विचारतो.

पराग: माणसं २२. प्रत्येकी ५० मिली धरलं तर ७५० मिलीच्या बाटलीत १५ जण. म्हणजे प्रत्येक द्राक्षाच्या दोन, एकूण आठ. उरेल ती झाकण लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस टिकते.

जयश्री: आणि बाटल्या तासभर आधी गच्चीवर नेऊन ठेवू नका. संध्याकाळी ३२ अंश असतात, त्यात अल्कोहोलचाच वास पुढे येतो. रेडसुद्धा ३०-४० मिनिटं फ्रिजमध्ये, १५-१६ अंशांना चांगली लागते. व्हाइटसाठी बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ, २० मिनिटं. नुसता बर्फ टाकला तर मधे हवा राहते, बाटली सगळीकडून गार होत नाही. वियोनिये मात्र फार गार नको, १०-१२ अंश. वाढायच्या १० मिनिटं आधी बादलीतून काढा.

देशमुख काका: मागच्या वेळी बाटल्या वर मीच नेल्या होत्या, हे सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती.

जयश्री: काका, नाव कोणाचंच घेतलं नाही. राग नसावा.

फरीदा भाभी: पेले स्टीलचे चालतील ना? काचेचे आठच आहेत.

पराग: नको भाभी, रंग दिसत नाही. माझ्याकडे १२ आहेत, तोंडाशी निमुळते. बाकी दोन घरांनी द्या. एक तृतीयांशच भरायचे, वरची जागा वासासाठी.

संध्याताई: ठेचा टेबलावर नको 🙏

निलेश: बरं ताई. पुरणपोळी आणि शेवटची बाटली संपल्यावर ठेचा-भाकरी, ताकाबरोबर. मी करतो.

जयश्री: चालेल. ताट मात्र तोपर्यंत खालीच ठेव.